दोन सह्या आणि एक निशाण

यंदा आपल्या मंडळाने ऑनलाइन खासगीपणावर भित्तिपत्रक काढायचं ठरवलं आणि त्यावर छापायला एक चिन्ह तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मला थोडंफार चित्र काढता येतं, एवढंच त्याचं कारण. सरांचं म्हणणं असं होतं की या प्रश्नावर जगभर माणसं धडपडतायत, कोर्टात जातायत, पण एड्सविरोधी चळवळीची लाल फीत जशी कुणीही ओळखतो तसं यांचं एक सर्वमान्य निशाण अजून नाही. बघ तुला काही सुचतंय का, असं ते म्हणाले.

मला वाटलं, यात काय अवघड? पहिल्याच दिवशी मी कुलूप काढलं. मग कळलं की क्रोम ब्राउझरने 2023 मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप काढून टाकलंय. कुलूप दिसलं की साइट भरवशाची, असा लोकांचा समज झाला होता. खरं तर त्या कुलपाचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेवर कुणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस चोर असला तरी कुलूप दिसायचंच. मग मी डोळा काढला, तर तो पाळत ठेवणाऱ्याचा वाटला. बोटाचा ठसा काढला, तर रेशन दुकानातलं मशीन आठवलं. चार दिवसांत वहीची दहा पानं संपली.

हे काम माझ्यासाठी नुसतं स्पर्धेचं नव्हतं. मी रामनगरची. जोयडा तालुक्यातलं, बेळगाव-गोवा रस्त्यावरचं आमचं गाव. सुपा धरणात ज्यांची घरं-शेतं गेली त्यांतली बरीच कुटुंबं इथे येऊन वसली, आमचंही त्यांतलंच. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाने मोबाइलवरच्या एका कर्जाच्या ॲपवरून थोडे पैसे उचलले. ॲपने फोनमधले सगळे नंबर आणि फोटो मागितले आणि त्याने परवानगीचं बटण दाबलं. ते दाबल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. हप्ता आठ दिवस चुकला आणि त्याच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरवर मेसेज गेले, फोटोवर चोर असं लिहून. मामीला, शाळेच्या मास्तरांना, किराणा दुकानदाराला, सगळ्यांना. पैसे नंतर फिटले. पण तो वर्षभर बसस्टँडवर उभा राहिला नाही, गाडी पकडायला मागच्या रस्त्याने पुढच्या फाट्यावर जायचा. लोक एकच म्हणायचे, स्वतःच हो म्हटलंस ना?

माझं चिन्ह काही जमत नाही हे पाहून सर म्हणाले, आपल्या देशाचं निशाण पहिल्यांदा कसं तयार झालं ते आधी वाच. मग मला दिवाळीच्या सुट्टीतलं पुणं आठवलं. आत्याकडे गेले होते तेव्हा तिने केसरीवाडा दाखवायला नेलं होतं. तिथे काचेमागे एक जुना, रंग उडालेला झेंडा होता. मी त्याच्यासमोर फार तर मिनिटभर थांबले असेन. आता त्याच झेंड्यामागच्या बाईंचं चरित्र शोधून वाचायला लागले, आणि चिन्ह बाजूलाच राहिलं.

भिकाजी कामा. पुस्तकांत मादाम कामा. जन्म 24 सप्टेंबर 1861, मुंबईत, श्रीमंत पारशी घरात. वडील सोराबजी फ्रामजी पटेल हे व्यापारी आणि शहरातलं मोठं प्रस्थ. मुलगी अलेक्झांड्रा शाळेत इंग्रजी शिकली. भाषांची तिला उपजत आवड. 1885 साली रुस्तुम कामा या वकिलाशी लग्न झालं. सासरेबुवा म्हणजे खरशेदजी कामा, प्राच्यविद्येचे मोठे अभ्यासक. त्यांच्या नावाची संस्था मुंबईत आजही आहे. घर विद्वानांचं, पण नवऱ्याला इंग्रजी राज्य मनापासून आवडायचं आणि बायकोला ते खुपायचं. संसार काही जमला नाही.

1896 साली मुंबईत प्लेग आला. ज्यांना शक्य होतं ते शहर सोडून पळाले. या बाई उलट ग्रँट मेडिकल कॉलेजातून काम करणाऱ्या पथकांत गेल्या आणि रोग्यांची सेवा करू लागल्या. शेवटी त्यांनाही प्लेग झाला. जीव वाचला, पण तब्येत कायमची खचली. म्हणून 1902 च्या सुमारास त्यांना उपचारासाठी इंग्लंडला पाठवलं. चाळिशीची बाई, बरी होऊन चार-सहा महिन्यांत परत येईल, असंच घरच्यांना वाटलं असणार. त्या परत आल्या 1935 मध्ये.

लंडनमध्ये त्यांनी दादाभाई नौरोजींचं काम पाहिलं, त्यांच्या कचेरीत मदत केली. पुढे श्यामजी कृष्णवर्मांशी ओळख झाली. श्यामजी हाइड पार्कमध्ये उघड्यावर भाषणं करत. त्यांनी 1905 मध्ये हायगेट भागात इंडिया हाऊस हे विद्यार्थ्यांचं वसतिगृह काढलं. पुढच्या वर्षी नाशिकचे सावरकर तिथे राहायला आले. सेनापती बापटही याच वर्तुळातले. घरात चर्चा रंगायच्या आणि घराबाहेर साध्या कपड्यांतले पोलीस उभे असायचे. घरात राहणाऱ्यांमध्येही खबरे होते. कोण कुणाला भेटलं, कुणाचं पत्र आलं, सगळ्याची नोंद व्हायची.

याच काळात बाईंना घरी परतायचं होतं. सरकारने अट घातली की राष्ट्रीय चळवळीत भाग घेणार नाही असं लिहून सही द्या, मग खुशाल जा. त्यांनी सही केली नाही. मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. एका सहीवर घर, माहेर, मुंबई सगळं परत मिळत होतं. त्या लंडन सोडून पॅरिसला गेल्या. तिथे सरदारसिंह राणा आणि गोदरेज यांच्यासारख्यांबरोबर त्यांनी पॅरिस इंडियन सोसायटीचं काम उभं केलं.

आता झेंड्याकडे येते. ऑगस्ट 1907 मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टला जगभरच्या समाजवाद्यांची परिषद भरली. जवळजवळ नऊशे प्रतिनिधी आले होते. लेनिन होते, रोझा लुक्झेंबुर्ग होत्या. प्रत्येक देशाचं काही ना काही निशाण होतं. हिंदुस्थानच्या नावावर होता तो युनियन जॅक. 22 ऑगस्टला साडी नेसलेल्या, पंचेचाळीस वर्षांच्या भिकाजीबाई व्यासपीठावर गेल्या. देशाची गरिबी आणि पारतंत्र्य याबद्दल बोलल्या आणि सोबत आणलेला झेंडा उलगडून त्यांनी सगळ्यांसमोर धरला. इंग्लंडच्या प्रतिनिधींपैकी रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी आक्षेप घेतला. हिंडमन आणि फ्रान्सचे जोरेस यांनी बाईंची बाजू घेतली. ठराव तांत्रिक कारणाने मताला गेलाच नाही. म्हणजे कागदोपत्री त्या दिवशी काहीच झालं नाही. पण नऊशे माणसांनी एक कापड पाहिलं होतं.

कसं होतं ते कापड? तीन आडवे पट्टे. वर हिरवा, मधे केशरी-पिवळा, खाली लाल. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत वंदे मातरम्. खाली सूर्य आणि चंद्रकोर, हिंदू आणि मुसलमान दोघांची खूण. वरच्या पट्ट्यावर कमळं, ब्रिटिश हिंदुस्थानच्या आठ प्रांतांची आठ. काही वर्णनांत मात्र एकच कमळ आणि सप्तर्षींचे सात तारे येतात. झेंडा कुणी बेतला यावरही एकमत नाही. कामाबाई, सावरकर, श्यामजी, बंगालचे हेमचंद्र दास, अशी वेगवेगळी नावं सांगतात. आणि मुळात हा नमुना कोरा नव्हताच. वर्षभर आधी, 7 ऑगस्ट 1906 ला, कलकत्त्यात पारशी बागान चौकात वंगभंगाविरुद्धच्या सभेत जवळजवळ असाच तिरंगी झेंडा फडकला होता. त्याच्याही आधी भगिनी निवेदितांनी वज्राचं चित्र असलेला झेंडा तयार केला होता.

मी यातून एक गोष्ट शिकले. माझ्यासारखे चित्रवाले समजतात की निशाण म्हणजे डोक्यातून निघालेली एक झकास कल्पना. प्रत्यक्षात तो झेंडा हातोहात बदलत गेला. 1917 च्या होमरूल चळवळीत लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट यांच्या झेंड्यावर पाच लाल आणि चार हिरवे पट्टे, सात तारे आणि कोपऱ्यात चक्क युनियन जॅक होता. ती तडजोड लोकांना रुचली नाही आणि झेंडा मागे पडला. 1921 मध्ये बेजवाड्याला पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना आपला नमुना दाखवला. मग चरखा आला, 1931 मध्ये आजचे रंग ठरले, 22 जुलै 1947 ला घटना समितीने चरख्याच्या जागी चक्र घेऊन तो मंजूर केला. आठ कमळं काढायला वेळ लागतो, अक्षरं सगळ्यांना वाचता येत नाहीत. ती हळूहळू गळून गेली. उरलं ते शाळेतलं पोरसुद्धा खडूने काढेल इतकं सोपं.

पण श्टुटगार्टच्या त्या सभेत देवनागरी वाचणारं कोण होतं? नसेलच बहुधा कुणी. चंद्रकोर आणि कमळाचा अर्थही त्यांना कुणी सांगितला असेल तरच कळला असेल. त्यांनी लक्षात ठेवलं असेल ते एवढंच की आजारातून उठलेली एक बाई साम्राज्याच्या प्रतिनिधींसमोर उभी राहिली. नमुना कलकत्त्याचा का असेना, तो हातात धरायची किंमत तिने एकटीने भरली.

किंमत काय होती, तेही सांगते. झेंडा जगाला दाखवायचा, पण बाकी सगळं लपवायचं, असं त्यांचं आयुष्य होऊन गेलं. वंदे मातरम् या गीतावर इथे बंदी आली तेव्हा त्यांनी सप्टेंबर 1909 मध्ये त्याच नावाचं पत्रक सुरू केलं. संपादक लाला हरदयाळ, छपाई जिनिव्हात. ते हिंदुस्थानात पोचवायचं कसं? 1898 च्या टपाल कायद्याने सरकारला पत्रं अडवायचा अधिकार होता. बंदरांत समुद्री जकात कायद्याने छापील माल जप्त व्हायचा. मग पत्रकं फ्रेंच पाँडिचेरीमार्गे यायची. रामनगरच्या माणसाला हे लगेच कळेल. आमच्या जवळच्या कॅसलरॉक स्टेशनवर इंग्रजांची हद्द संपून पोर्तुगीजांची सुरू व्हायची आणि तिथे गाडी थांबवून सामानाची झडती व्हायची. हद्द आली की झडती आली, आणि झडती आली की लपवाछपवी आली. सावरकरांचं 1857 वरचं पुस्तक बाहेर छापलं तेव्हा त्याच्या प्रती निरुपद्रवी कादंबऱ्यांची नावं असलेल्या वेष्टनांत इथे आल्या.

1910 च्या मार्चमध्ये सावरकरांना लंडनला अटक झाली. जहाजातून हिंदुस्थानात नेताना 8 जुलैला त्यांनी मार्सेलिस बंदरात समुद्रात उडी मारली, किनाऱ्यालाही लागले, पण फ्रेंच पोलिसाने धरून परत इंग्रजांच्या हवाली केलं. कामाबाई त्यांना गाठायला निघाल्या होत्या, पण पोचायला उशीर झाला. त्यानंतर त्या गप्प बसल्या नाहीत. मार्क्सचा नातू जाँ लोंगे याच्यामार्फत प्रकरण फ्रेंच वर्तमानपत्रांत गाजवलं. फ्रान्स आणि इंग्लंडला ते हेगच्या लवादापुढे न्यावं लागलं. फेब्रुवारी 1911 मध्ये निकाल इंग्लंडच्या बाजूने लागला. इंग्रजांनी बाईंनाही परत मागितलं होतं, पण फ्रान्सने दिलं नाही.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तो आसराही गेला. आता फ्रान्स आणि इंग्लंड एका बाजूला. मार्सेलिसला उतरलेल्या पंजाबी पलटणींमध्ये प्रचार करायला गेलेल्या कामाबाई आणि राणा यांना ऑक्टोबर 1914 मध्ये पकडलं. पुढे राणांना कुटुंबासकट दूर मार्टिनिक बेटावर धाडलं आणि बाईंना व्हिशी गावात नजरकैदेत ठेवलं. 1917 च्या नोव्हेंबरात सुटका झाली ती अटीवर. दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी. सत्तावन्नाव्या वर्षात असलेली आजारी बाई, दर आठवड्याला पोलिसाला सांगणार की मी अजून इथेच आहे. आज आपण खिशातल्या फोनवरून तेच दर मिनिटाला सांगत असतो, आणि आपल्याला चालतही जावं लागत नाही.

युद्धानंतर त्या पॅरिसला परतल्या. जुनी मंडळी पांगली होती. श्यामजी 1930 मध्ये जिनिव्हात वारले. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध. बाई म्हाताऱ्या झाल्या. 1935 मध्ये पक्षाघाताचा झटका आला. आता एकच इच्छा होती, मुंबईत जाऊन मरायचं. सर कावसजी जहांगीर यांच्यामार्फत सरकारकडे अर्ज केला. सरकारची अट जुनीच होती. सरकारविरोधी कामात भाग घेणार नाही असं कबूल करा. 24 जून 1935 ला त्यांनी कबूल केलं.

तीस वर्षांपूर्वी जी सही दिली नाही ती या वेळी दिली. मला आधी याचा राग आला, खोटं कशाला सांगू. इतकं सोसलंत, मग शेवटी का? मग मामेभाऊ आठवला. त्याच्या बोटाखालीही एक बटण होतं आणि पुढे जायचा दुसरा रस्ता नव्हता. लुळी पडलेली, घरी जाऊ इच्छिणारी म्हातारी आणि समोर अख्खं साम्राज्य. अशा वेळी घेतलेल्या होकाराला संमती म्हणायचं का? पहिली सही नाकारणारी बाई आणि दुसरी देणारी बाई एकच होती. फरक होता तो नाही म्हणायला शिल्लक असलेल्या जागेचा.

नोव्हेंबरात त्या मुंबईत उतरल्या. 13 ऑगस्ट 1936 ला पारशी जनरल हॉस्पिटलमध्ये गेल्या. मालमत्तेचा मोठा भाग मुलींच्या अवाबाई पेटिट अनाथाश्रमाला ठेवला. श्टुटगार्टचा झेंडा इंदुलाल याज्ञिकांनी गुपचूप हिंदुस्थानात आणला आणि तो पुण्याच्या केसरी-मराठा ग्रंथालयात आला. म्हणजे फडकवण्यासाठी शिवलेलं ते कापड लपतछपतच घरी पोचलं. 1962 च्या प्रजासत्ताक दिनी सरकारने बाईंचं टपाल तिकीट काढलं. ज्यांच्या टपालावर सरकारची नजर होती त्यांचंच तोंड टपालावर. आज मुंबईत मंत्रालयाजवळ त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

इथे चरित्र संपतं, पण माझं काम तसंच होतं. 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो दावा लावला होता आपल्याच कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी, ऐंशी उलटल्यावर. 2023 च्या वैयक्तिक डेटा कायद्यात लिहिलंय की संमती मोकळेपणाने, विनाअट आणि समजून दिलेली असली पाहिजे. वाचायला छान वाटतं. पण त्याच वर्षी टपालाचा नवा कायदा झाला, त्यात पत्रं अडवायचा अधिकार राहिलाच.

सुट्टीत घरी गेले तेव्हा वही आजीपुढे ठेवली. कुलूप, डोळा, अंगठा, सगळं तिने बाजूला सारलं. काय दाखवायचंय ते मी सांगितलं. आपलं बोलणं आपल्याला हवं त्यालाच कळावं, एवढंच. ती उठली, ट्रंक उघडली आणि पत्रांचा गठ्ठा घेऊन आली. धरणासाठी गाव उठल्यावर भाऊ-बहिणी चहूकडे गेल्या, त्यांची पत्रं. तिने त्यांचे दोन भाग केले. एकीकडे पोस्टकार्डं, दुसरीकडे निळी अंतर्देशीय पत्रं. कोण आजारी आहे, भात किती झालं, हे पोस्टकार्डावर. ते पोस्टमनही वाचायचा आणि त्याने वाचलं तरी कुणाची तक्रार नव्हती. जमिनीच्या मोबदल्याचं भांडण, मावशीचं सासर, हे मात्र निळ्या पत्रात, तीन घड्या घालून, डिंक लावून. कुठलं कशावर लिहायचं ते लिहिणारी ठरवायची. मी म्हटलं, मला वाचायला देशील? आजीने पोस्टकार्डं माझ्यापुढे सरकवली आणि निळी पत्रं परत ट्रंकेत ठेवली.

तेच मी काढलंय. पांढऱ्या जमिनीवर घडी घातलेलं निळं पत्र, बंद. बस्स. कुणालाही दोन रेघांत काढता येईल. पर्यावरणवाल्यांसारखं जगभर जाईल असा माझा दावा नाही. तुम्हाला यात काही बदलायचं असेल तर जरूर बदला, झेंडे असेच घडतात हे मी आता वाचलंय.

भित्तिपत्रक पुढच्या सोमवारी लागेल. पहिली प्रत मी मामेभावाला फोनवर पाठवली होती. त्याने विचारलं, हे गावच्या बसस्टँडवर लावलं तर चालेल का? मी म्हटलं, तू लावणार असशील तर.